संवादाचा मायना : भाषा-मॉडेलांच्या साच्यांविषयी एक टिपण

संगणकाशी बोलणारा मनुष्य प्रश्न करतो व यंत्र उत्तर देते, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः भाषा-मॉडेलापुढे संवाद म्हणून काही येतच नाही. त्याच्यापुढे येतो तो एक सलग मजकूर, आणि पुढचा शब्दांश कोणता असावा हे ठरवीत जाणे एवढेच त्याचे काम. कोण बोलले, कोठे थांबले, आता पाळी कोणाची, हे त्या मजकुरातच खुणा घालून सांगावे लागते. खुणा घालण्याच्या या रीतीस 'चॅट टेम्प्लेट' हे नाव रूढ झाले आहे. आम्ही तीस साचा म्हणू. आरंभी हा साचा माहितीपत्रकात वर्णिलेला असे. पुढे तो मॉडेलासोबतच, चालत्या आज्ञावलीच्या रूपाने, प्रवास करू लागला. हे स्थित्यंतर का घडले आणि त्याची किंमत काय पडली, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

मराठी दप्तरे ज्याने थोडीबहुत चाळली आहेत, त्यास अशा खुणांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मायन्यावरून लिहिणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दर्जा कळे, आणि शिवकालीन पत्रांच्या अखेरीस उमटणारी मर्यादामुद्रा मजकूर येथे संपला असे बजावी. परंतु साम्य येथपर्यंतच. मायना चुकला तर घेणारा रुष्ट होई, चूक उघडकीस येई. मॉडेल चुकीच्या मायन्यासही निमूटपणे उत्तर देते. ते उत्तर फक्त उणे असते.

१ मार्च २०२३ रोजी ओपनएआयने जीपीटी-३.५ टर्बो हे मॉडेल आज्ञावलीकारांस खुले केले, तेव्हा 'चॅटएमएल' ही रीत पुढे आली: प्रत्येक वचनाच्या आरंभी एक राखीव खूण, मागोमाग बोलणाऱ्याची भूमिका, अखेरीस दुसरी राखीव खूण. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या अल्पाकाने राखीव खुणांऐवजी साध्या अक्षरांतील मथळे वापरले. जुलैमध्ये मेटाचे लामा-२ आले. त्याने वापरकर्त्याचे वचन चौकटी कंसांतील दोन खुणांमध्ये कोंडले आणि प्रास्ताविक सूचना स्वतंत्र न ठेवता पहिल्या वचनाच्या पोटात घातली. सप्टेंबरात मिस्ट्रलने तीच कंसांची रीत उचलली. मात्र लामा-२ मध्ये प्रत्येक फेरीस येणारी आरंभखूण येथे एकदाच येई. दिसण्यात हा फरक क्षुल्लक आहे. परंतु मॉडेल ज्या रीतीवर शिकविले गेले तीहून निराळी रीत पुढे आली की त्याची गुणवत्ता घसरते, आणि यंत्र कोणतीही तक्रार नोंदवीत नाही. त्या वर्षी हौशी मंडळींनी केलेल्या मॉडेलांच्या तुलना साधन म्हणून वापरताना अभ्यासकाने साचा कोणता होता हे प्रथम विचारावे, असे आमचे मत आहे. पुष्कळदा दोष मायन्याचा असून तो मॉडेलाच्या माथी मारला गेला असावा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हगिंग फेस या संस्थेने या दोषाची 'मूक मारेकरी' अशी संभावना करून आपल्या ट्रान्सफॉर्मर्स या संग्रहात उपाय योजला. साचा हा मॉडेलाच्या शब्दविभाजकाच्या धारिकेतच लिहावा, आणि तो जिंजा या टेम्प्लेट इंजिनाने चालवावा. जिंजा हे ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर यांचे इंजिन. त्याची दुसरी आवृत्ती २००८ पासूनची. ते संकेतस्थळांची पाने घडविण्याकरिता निर्मिलेले होते. (जपानी भाषेत जिंजा म्हणजे देवस्थान, इंग्रजी 'टेंपल' व 'टेम्प्लेट' यांवरील ही कोटी आहे.) भूमिकेगणिक अलीकडची व पलीकडची खूण देणारे साधे कोष्टक का पुरले नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. लामा-२ च्या साच्यास 'हे पहिले वचन असेल व सूचना दिलेली असेल तर' अशी अट घालावी लागे. फेब्रुवारी २०२४ मधील गूगलच्या जेमाचा साचा तर सूचनेची भूमिका दिसताच चूक जाहीर करून थांबे. अट, आवर्तन व नकार कोष्टकात मावत नाहीत. त्यांस आज्ञावलीच हवी.

आज्ञावली आली की तिचे भयही आले. हगिंग फेसने जिंजाची कुंपण घातलेली आवृत्ती वापरली होती. 'लामा-सीपीपी-पायथन' या दुसऱ्या संग्रहात ते कुंपण नव्हते, आणि मे २०२४ मध्ये असे उघड झाले की परक्याने दिलेली मॉडेलाची धारिका वापरल्यास तिच्यातील साचा यजमान संगणकावर वाटेल ती आज्ञा चालवू शके. जी वस्तू केवळ आकड्यांचा साठा म्हणून देवघेवीत होती, तिच्यात आता परक्याचे हुकूम दडू शकत होते.

याच सुमारास ग्योर्गी गेर्गानोव्ह यांच्या लामा-सीपीपी या प्रकल्पाने निराळा मार्ग धरला होता. सी++ मध्ये, बाह्य आधार शक्य तितके टाळून लिहिलेल्या या कामात पायथनचे इंजिन आणणे शक्य नव्हते. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये असे ठरले की साचा चालवावयाचाच नाही. त्यात ओळखीच्या खुणा आढळतात का ते पाहावे, आणि आढळल्यास हाताने लिहून ठेवलेल्या रीतींपैकी जुळणारी लावावी. शिक्का पाहून पत्राचे घराणे ओळखावे, तसाच हा प्रकार. काही काळ तो चालला. परंतु प्रत्येक नव्या मॉडेलागणिक यादी वाढे, आणि बाह्य साधनांस हाक मारणाऱ्या मॉडेलांचे साचे इतके गुंतागुंतीचे झाले की नुसती ओळख पुरेना. जानेवारी २०२५ मध्ये जिंजाचा आवश्यक तेवढा भाग सी++ मध्ये नव्याने लिहिणारे 'मिंजा' हे छोटे इंजिन या प्रकल्पात समाविष्ट झाले. ज्याने इंजिन नाकारले होते, त्यालाच ते पुन्हा घडवून घ्यावे लागले.

या साच्यांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्यास एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागेल. लामा-३.१ चा साचा, वापरणाऱ्याने तारीख न दिल्यास, मजकुरात स्वतःच एक तारीख घालतो: २६ जुलै २०२४. तिच्या आधारे मॉडेल ज्या दिवसास 'आज' म्हणते, तो दिवस साचा लिहिणाऱ्याचा आहे, संवादाचा नव्हे. पुढील पिढीच्या हाती हे संवाद कागदपत्र म्हणून येतील, तेव्हा त्यांची मिती ठरविण्यापूर्वी मायना तपासावा लागेल.