गुलमर्ग : आखीव उतारांपलीकडील स्की-भ्रमंती

काश्मीरमधील गुलमर्ग (उंची सु. २,६५० मी.) येथील रोपवेचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तर २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवाट पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. खरी भ्रमंती तिथून पुढे. स्कीच्या तळाला घट्ट धरणाऱ्या पट्ट्या चिकटवून कडा चढायचा. माथ्यावर त्या सोलून काढायच्या आणि अस्पर्श, भुसभुशीत बर्फातून खाली झेपावायचे. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातडीच्या असत.

सर्वांत देखणी वाट बाबारेशी गावाची. उघडे उतार संपले की भूर्जवृक्ष लागतात, मग फरचे दाट रान, आणि शेवटी सूफी संताच्या दर्ग्याचे गाव. तिथून जीपने परत. द्रंग गावाकडेही अशीच रानातून उतरण आहे.

या वाटांवर दोर नाहीत, खुणा नाहीत.

ताज्या हिमवृष्टीनंतर वारा बर्फाचे थर साचवतो. खालचा थर कच्चा असला, तर एका स्कीपटूच्या भारानेही हिमप्रपात सुटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर दोन पोलिश, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू असेच दगावले. गाडलेल्या माणसाच्या हाती मोजकी मिनिटे असतात. म्हणून गाडलेल्याचा ठाव सांगणारे संदेशयंत्र, शोधकाठी, फावडे आणि ती वापरता येणारा सोबती यांवाचून इथे पाऊल टाकू नये.