80 टक्के, पण कशाचे? एक्मो आणि फुप्फुस प्रत्यारोपणाची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी वहीत एक वाक्य लिहून ठेवलं होतं: ‘प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णाला जागेपणी एक्मोवर ठेवलं तर 80 टक्के जगतात, व्हेंटिलेटरवर ठेवलं तर 50 टक्के.’ गाईड मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, “80 टक्के, पण कशाचे?” मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना या यंत्राचा सगळा इतिहास मागून वाचावा लागला. संशोधनाकडे वळणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडतो.

आधी यंत्र समजून घेऊ. एक्मोमध्ये रुग्णाच्या शिरेतलं रक्त नळीने बाहेर काढतात. ते एका पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहतं, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन जातो. रक्तात ऑक्सिजन शिरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्त शरीरात परत जातं. फक्त फुप्फुसं निकामी असतील तर ते शिरेतच परत सोडतात. हृदयही थकलेलं असेल तर धमनीत.

या यंत्राचा पूर्वज म्हणजे जॉन गिबन यांचं हृदय-फुप्फुस यंत्र. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात त्यांनी ते वापरून हृदयाची यशस्वी शस्त्रक्रिया केली. पण त्यात रक्ताचा ऑक्सिजनशी थेट संपर्क यायचा आणि काही तासांतच रक्तपेशी खराब व्हायच्या. मध्ये पडदा आला तेव्हा तासांचे दिवस करता आले. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात डोनाल्ड हिल आणि सहकाऱ्यांनी अपघातात जखमी झालेल्या 24 वर्षांच्या तरुणाला 75 तास अशा यंत्रावर ठेवलं आणि तो वाचला.

एका रुग्णावरून उत्साह केवढा वाढला! मग अमेरिकेत रीतसर ट्रायल झाली. 1979 मध्ये तिचा निकाल छापून आला. श्वसन पूर्ण कोलमडलेले 90 प्रौढ रुग्ण; एक्मोच्या 42 जणांपैकी 4 वाचले, नेहमीच्या उपचारांच्या 48 पैकीही 4 च. प्रौढांसाठी एक्मोचा विषय बऱ्याच ठिकाणी तिथेच थांबला. पण ‘एक्मो निरुपयोगी’ असं त्या ट्रायलने खरंच सिद्ध केलं का? यंत्रावरच्या रुग्णांना रक्तस्राव फार होत होता. शिवाय त्यांच्या फुप्फुसांवर व्हेंटिलेटरचा जोरही चालूच होता, म्हणजे ज्या विश्रांतीसाठी यंत्र लावायचं तीच मिळत नव्हती. निकाल त्या काळच्या वापराबद्दल खरा होता, कल्पनेबद्दल नव्हे. हा फरक आपण पेपर वाचताना सहज विसरतो.

फुप्फुसं बरी होणारच नसतील तर यंत्रावर किती दिवस ठेवायचं? इथे प्रत्यारोपण येतं. 1978 मध्ये टोरंटोच्या डॉक्टरांनी एक्मोच्या आधाराने केलेल्या फुप्फुस प्रत्यारोपणाचा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्ण काही आठवड्यांतच गेला. यंत्राने काम केलं होतं. सुटला तो श्वासनलिकेचा सांधा. जोएल कूपर यांच्या गटाने मग प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांतून दिसलं की अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेली स्टेरॉइड्सच सांधा भरू देत नाहीत. सायक्लोस्पोरिन हाताशी आल्यावर स्टेरॉइड्सवरचा भार कमी झाला आणि 1983 मध्ये त्याच टोरंटोत दीर्घकाळ यशस्वी ठरलेलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण झालं.

तरीही एक्मोचा ‘पूल’ लगेच उभा राहिला नाही, आणि त्याचं एक कारण तांत्रिक नव्हतंच. अमेरिकेत मे 2005 पर्यंत फुप्फुसं मुख्यतः प्रतीक्षायादीतल्या क्रमाने मिळत. यंत्रावरचा माणूस महिनोन्‌महिने रांगेत कसा थांबणार? नव्या गुणपद्धतीत निकड आणि संभाव्य लाभ पाहिले जाऊ लागले, तेव्हा पुलाला पलीकडचा काठ मिळाला. त्याच सुमारास टिकाऊ पडदे, रक्ताला कमी इजा करणारे पंप आणि मानेतून घालायच्या दुहेरी नळ्याही आल्या.

आता माझ्या 80 टक्क्यांकडे येऊ. तो आकडा जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गटाच्या 2012 च्या पेपरातला आहे. कल्पना सुरेख होती: रुग्णाला गुंगीत, घशात नळी घालून झोपवून ठेवण्याऐवजी एक्मोवर जागं ठेवायचं. तो बोलतो, खातो, व्यायाम करतो, स्नायू झिजत नाहीत. एक्मो गटात 26 जण होते, व्हेंटिलेटर गटात 34. प्रत्यारोपणाआधीच पहिल्यातले 6 आणि दुसऱ्यातले 10 दगावले. आणि 80 व 50 टक्के हे आकडे प्रत्यारोपण झालेल्यांचे आहेत, सहा महिन्यांनंतरचे.

शाळेतलं अंश-छेदाचं गणित करून बघा. उरलेल्या 20 चे 80 टक्के म्हणजे 16. 26 पैकी 16 म्हणजे सुमारे 62 टक्के. दुसरीकडे 24 चे निम्मे 12. 34 पैकी 12 म्हणजे सुमारे 35 टक्के. फरक उरतोच, जागेपणी एक्मोची बाजू पडत नाही. पण ज्याच्या नातेवाइकांना आज निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी 80 हा आकडा नाही, 62 आहे. कारण त्यांचा माणूस पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा आहे. शिवाय व्हेंटिलेटर गट आधीच्या काळातल्या रुग्णांचा होता, चिठ्ठ्या टाकून विभागलेला नव्हता. त्यामुळे फरकातला किती वाटा एक्मोचा आणि किती बदललेल्या काळाचा, हे त्या पेपरवरून वेगळं काढता येत नाही.

आणखी एक छेद आहे, जो पेपरात दिसतच नाही: यादीतले बाकीचे लोक. अवयव एकच असतो. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेने हृदयवाटपाचे नियम बदलून एक्मोवरच्या प्रौढ रुग्णांना सर्वांत वरच्या श्रेणीत टाकलं. त्यानंतर प्रतीक्षेतल्या रुग्णांना तात्पुरत्या आधाराची यंत्रं लावण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे नियम बदलला की डॉक्टरांचे निर्णय बदलतात आणि डेटातला ‘एक्मोचा रुग्ण’ही बदलतो. 2018 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवून यंत्र सुधारलं म्हणणं धोक्याचं आहे.

वहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही. त्याच्याखाली आता तीन ओळी आहेत: छेदात कोण आहे? तुलना कोणाशी, कोणत्या काळातल्या? त्या काळी यंत्र कसं वापरत होते आणि अवयव कोणत्या नियमाने मिळत होता? पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी पहिलं कोष्टक उघडा आणि पहिल्या ओळीचं उत्तर तिथे शोधा. ते सापडलं नाही, तर तुमच्या संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथेच असेल.