करामतीकडून उड्डाणाकडे : पक्ष्यांच्या खेळाचा इतिहास

शिकवलेले पक्षी खुल्या रंगमंचावर मोकळे सोडून त्यांचे उड्डाण, भक्ष्य टिपण्याची रीत किंवा आवाजाची नक्कल प्रेक्षकांना दाखवण्याचा जो कार्यक्रम ‘बर्ड शो’ म्हणून ओळखला जातो, तो सिंगापूरला सहलीस जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही परिचयाचा आहे. या कार्यक्रमाला दोन वेगळ्या परंपरांचा वारसा आहे आणि त्यांपैकी कोणती वरचढ ठरते, यावर त्याचे मोल ठरत आले आहे.

पहिली परंपरा श्येनपालनाची, म्हणजे ससाणा, बाज यांसारखे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवण्याची. पक्ष्याला हातावर बसण्याची सवय लावणे, इशाऱ्यासरशी परत बोलावणे आणि परतल्यावर मांसाचा तुकडा देणे, ही तिची मूळ पद्धत असून कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात अशा पक्ष्यांच्या शिक्षणाचे विवेचन आढळते. दुसरी परंपरा करामतीची. फ्रान्झ शेर यांनी 1936 मध्ये अमेरिकेतील मायामीजवळ ‘पॅरट जंगल’ हे उद्यान सुरू केले; तेथे पोपट आणि काकाकुवे छोट्या सायकली चालवून पर्यटकांची करमणूक करत.

या करामतींना शास्त्राची जोड मिळाली ती मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानामुळे, म्हणजे ज्या कृतीनंतर बक्षीस मिळते ती प्राणी पुन्हा पुन्हा करतो या तत्त्वामुळे. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी त्याच तत्त्वावर कोंबड्यांसह अनेक प्राण्यांना खेळ शिकवले आणि 1955 मध्ये आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे ‘आयक्यू झू’ उघडले. परंतु चौथऱ्यावर काही सेकंद स्थिर उभी राहण्यास शिकवलेली कोंबडी पायांनी जमीन उकरू लागे, आणि अखेर त्या उकरण्यालाच नाच ठरवून तो खेळ सादर करावा लागला. शिकवलेली कृती हळूहळू उपजत वर्तनाकडे झुकते, असा अनुभव त्यांनी 1961 मधील शोधनिबंधात मांडला.

उपजत वर्तन दडपण्याऐवजी तेच प्रयोगाचा विषय करण्याची दिशा पुढे बळावली. 1976 मध्ये पक्षी-प्रशिक्षक स्टीव्ह मार्टिन यांनी सॅन डिएगो वाइल्ड ॲनिमल पार्कमध्ये मुक्त उड्डाणाचा कार्यक्रम सुरू केला, ज्यात पक्ष्यांचे स्वाभाविक वर्तन आणि त्यांच्या संरक्षणाची गरज यांना महत्त्व होते.

आशियात या कार्यक्रमाला मोठा प्रेक्षक मिळवून देणाऱ्या स्थळांमध्ये सिंगापूरचे जुरोंग बर्ड पार्क ठळक होते. रिओ द जानेरो येथील प्राणिसंग्रहालयातले विस्तीर्ण पक्षीगृह पाहून सिंगापूरचे मंत्री गोह केंग स्वी यांनी जुरोंगच्या औद्योगिक वसाहतीलगत असे उद्यान उभारण्याची कल्पना मांडली आणि 3 जानेवारी 1971 रोजी ते खुले झाले. तेथील ‘किंग्ज ऑफ द स्काइज’मध्ये शिकारी पक्ष्यांची झेप, तर ‘हाय फ्लायर्स’मध्ये पोपट, धनेश आणि रोहित दिसत, मात्र गाणी म्हणणारा पोपटही तेथे लोकप्रिय होता, म्हणजे करामतीची परंपरा पुरती सरली नव्हती. 3 जानेवारी 2023 रोजी हे उद्यान बंद झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मंडाई येथे ‘बर्ड पॅराडाइज’ सुरू झाले.

उंच गेलेला पक्षी परतलाच नाही तर त्याला रोखण्याचे साधन हाती नसते, आणि म्हणूनच मुक्त उड्डाणातील त्याचे परतणे ही शिक्षकाच्या कौशल्याची खरी कसोटी ठरते. पिंजऱ्यातल्या पक्ष्याबाबत ही कसोटीच उरत नाही, आणि भारतात तर देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. असे असताना सहलीत मुलांना बर्ड शो दाखवणाऱ्या पालकांनी सायकलवरच्या पोपटापेक्षा झेप घेणाऱ्या ससाण्याकडे त्यांचे लक्ष वेधावे, आणि तो रानात कसा जगतो हेही त्यांना सांगावे.