फिलिपिनो शस्त्रविद्या आणि आत्मसंरक्षण : एका दाव्याची ऐतिहासिक तपासणी

फिलिपाईन्सच्या संसदेने संमत केलेल्या 9850 क्रमांकाच्या कायद्यान्वये 2009 च्या डिसेंबरात 'आर्निस' हा त्या राष्ट्राचा अधिकृत युद्धकलाप्रकार व क्रीडाप्रकार ठरला. वेताची एक किंवा दोन काठ्या, काठी व खंजीर, क्वचित नुसता सुरा घेऊन खेळल्या जाणाऱ्या या विद्येला त्यापूर्वीच अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ अनुयायी मिळालेले होते. तेथे तिची शिफारस एका विशिष्ट गुणासाठी केली जाते. पूर्वेकडील इतर युद्धकला कालांतराने क्रीडेत किंवा साधनेत परिणत झाल्या. ही मात्र प्रत्यक्ष प्रसंगी प्राण वाचविणारी विद्या म्हणूनच टिकून राहिली, असे तिचे वस्ताद सांगतात. हा दावा वरवर पाहता तंत्राविषयीचा वाटतो. वस्तुतः त्याची सारी भिस्त इतिहासावर आहे. मक्तानच्या किनाऱ्यावर मॅगेलन पडला, स्पॅनिश अमदानीत ही विद्या लपून जगली, सेबूच्या द्वंद्वांत ती पारखली गेली आणि दुसऱ्या महायुद्धात ती सिद्ध झाली, अशी ती साखळी आहे. यांपैकी प्रत्येक प्रसंगी कोण कोणाशी, कोणत्या शस्त्राने आणि कोणत्या परिस्थितीत लढले, हे पाहिल्यावाचून या दाव्याचे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम नावांचा विचार केला पाहिजे. 'एस्क्रीमा' हा शब्द पट्टेबाजीच्या अर्थाच्या 'एस्ग्रिमा' या स्पॅनिश शब्दाचे रूपांतर आहे. 'आर्निस'ची व्युत्पत्ती 'आर्नेस', म्हणजे चिलखत अथवा साज, या स्पॅनिश शब्दाकडे नेली जाते. वारांची गणती बहुधा 'उनो, दोस, त्रेस' अशीच होते. तलवार व खंजीर यांच्या जोडीला 'एस्पादा इ दागा' म्हणतात, दूरच्या पल्ल्याला 'लार्गो' आणि जवळच्या पल्ल्याला 'कोर्तो'. दोन काठ्यांच्या गुंफणीला मात्र 'सिनावली' हे देशी नाव आहे, व ते विणलेल्या बांबूच्या तट्ट्यावरून, म्हणजे 'सावली'वरून, आले आहे. जी विद्या परकीय सत्तेपासून तीनशे वर्षे लपवून ठेवली गेली असे सांगतात, तिची परिभाषा इतकी परकीय कशी, हा प्रश्न या कलेच्या लोकप्रिय ग्रंथांत क्वचितच विचारला जातो. 'काली' हे तिसरे नाव सर्वांत प्राचीन म्हणून आज मिरविले जाते. परंतु प्लासिदो यांबाव यांच्या 1957 सालच्या ग्रंथाआधी, या अर्थाने, त्याचा मुद्रित आढळ दाखविणे कठीण आहे.

मक्तानचा प्रसंग 27 एप्रिल 1521 चा. त्याचा प्रमुख साक्षीदार आंतोनियो पिगाफेत्ता हा स्वतः त्या लढाईत होता व जखमीही झाला होता. त्याच्या वृत्तांताप्रमाणे मॅगेलनचे 49 लोक मांड्यांइतक्या पाण्यातून किनाऱ्याकडे चालत गेले, आणि त्यांच्यासमोर 1,500 हून अधिक योद्धे तीन तुकड्यांत उभे होते. बाण, आगीवर टणक केलेले बांबूचे भाले, लोखंडी टोकांची शस्त्रे आणि दगड यांचा वर्षाव झाला. परकीयांची छाती व मस्तक चिलखताने झाकलेले आहे पण पाय उघडे आहेत, हे ध्यानी येताच प्रतिपक्षाने पायांवर मारा सुरू केला. अखेरीस मॅगेलनच्या डाव्या पायावर एका मोठ्या तलवारीसारख्या शस्त्राचा वार बसला, तो पालथा पडला आणि मग सर्वजण त्याच्यावर तुटून पडले. काठीचे युद्ध येथे कोठेच नाही. लापुलापुने स्वहस्ते मॅगेलनला मारल्याचा उल्लेखही पिगाफेत्ता करीत नाही. येथे दिसते ते संख्याबळ, भूमीचे ज्ञान आणि शत्रूचे उघडे अंग हेरण्याची सावधता. शेवटचा गुण कोणत्याही शस्त्रविद्येला भूषणावह आहे, हे खरे. तथापि त्यावरून विशिष्ट संप्रदायाची वंशावळ 1521 पर्यंत नेणे म्हणजे पुराव्याच्या पलीकडे जाणे होय.

वंशावळ मागे नेण्याचा मोह इतरत्रही आढळतो. बोर्निओहून आलेल्या दहा दातूंनी, म्हणजे सरदारांनी, ही विद्या आपल्याबरोबर आणली, ही कथा 'माराग्तास' या ग्रंथाच्या आधारे सांगितली जाते; तो ग्रंथ पेद्रो मोंतेक्लारो यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेला लोककथांचा संग्रह आहे. तथाकथित 'कालान्तियाव संहिता' तर निव्वळ बनावट आहे. विल्यम हेन्री स्कॉट यांनी 1968 मध्ये हिस्पॅनिकपूर्व साधनांची छाननी करून या दोहोंचा निकाल लावला. असे असूनही युद्धकलेच्या पुस्तकांतून हे आधार पुढे कित्येक वर्षे वावरत राहिले.

स्पॅनिश बंदीची कथा यापेक्षा अधिक विचारार्ह आहे. बंदीच्या आदेशाचे साल ग्रंथागणिक बदलते. शिवाय ज्या देशात प्रत्येक शेतकऱ्याच्या कमरेला 'बोलो' हा कोयत्यासारखा सुरा दिवसभर असे, तेथे शस्त्राभ्यास समूळ नाहीसा करण्याचे सामर्थ्य तुरळक स्पॅनिश अधिकाऱ्यांपाशी कोठून येणार? नेद नेपांगे आणि सेलेस्तिनो माकाचोर यांनी 2007 मध्ये सेबूच्या एस्क्रीमावरील आपल्या ग्रंथात उलट दिशेचा तर्क मांडला. व्हिसाया बेटांवर सुलू व मिंदानाओकडून होणाऱ्या धाडींना तोंड देण्यासाठी ख्रिस्ती पाद्र्यांनीच ग्रामस्थांना तलवारीचे शिक्षण दिले आणि त्यातून ही विद्या आकारास आली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. या तर्काचे सर्व दुवे सारखे पक्के आहेत असे नाही. परंतु परिभाषेचा उलगडा त्याने जितका सहज होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

धाडींचे स्वरूप जेम्स फ्रान्सिस वॉरन यांच्या 1981 च्या 'सुलू झोन' या ग्रंथाने स्पष्ट केले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इरानुन व सामाल दर्यावर्दी माणसे पकडून गुलाम म्हणून विकण्यासाठी दरसाल या किनाऱ्यांवर उतरत. सेबूच्या दक्षिणेस बोल्होऑन या गावी हुलियान बेर्मेहो या ऑगस्टिनियन धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टेहळणीच्या बुरुजांची रांग उभारून आणि गावकऱ्यांच्या नौका सज्ज ठेवून या संकटाला तोंड दिले. येथे आत्मसंरक्षण हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो. मात्र ते गावाचे संरक्षण होते. बुरुजावरून वेळेवर मिळालेला इशारा, पळून जाण्यास पुरेसा अवधी व तटबंद चर्च यांनी जितके जीव वाचविले असतील त्या मानाने हातातल्या शस्त्राचा वाटा शेवटचा. आजच्या शिक्षणात या पहिल्या गोष्टींना जवळजवळ स्थान नाही, ही बाब नोंदण्यासारखी आहे.

सामार बेटावरील बालांगिगा येथे 28 सप्टेंबर 1901 रोजी ग्रामस्थांनी बोलो घेऊन अमेरिकन तुकडीवर घातलेला छापा हाही या परंपरेचा दाखला म्हणून सांगितला जातो. सैनिक सकाळच्या न्याहारीस बसलेले, त्यांच्या बंदुका दूर, आणि गावाचा पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर याने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावून दिलेला इशारा. 74 पैकी 48 अमेरिकन मृत्युमुखी पडले. बोलोचे सामर्थ्य येथे निर्विवाद आहे. पण हा आकस्मिक आक्रमणाचा विजय होय. त्यातून आत्मसंरक्षकाने घ्यावयाचा बोध त्या न्याहारीला बसलेल्या सैनिकांच्या बाजूने घ्यावा लागेल, आणि तो फारसा सुखावह नाही.

सेबू शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विद्येला आजचे रूप आले. 1920 मध्ये लाबांगोन येथे एक मंडळ निघाले. ते मोडल्यावर सावेद्रा व कान्येते या घराण्यांतील वस्तादांनी 1932 च्या जानेवारीत 'दोसे पारेस' या संस्थेची स्थापना केली. हे नाव फ्रान्सच्या शार्लमेन राजाच्या बारा सरदारांवरून घेतलेले आहे. ती कथा फिलिपाईन्समध्ये काव्यांतून आणि 'कोमेदिया' नाटकांतून घरोघर पोहोचली होती. या काळातील द्वंद्वांना 'हुएगो तोदो' म्हणत. संरक्षक साधन नाही, नियम जवळजवळ नाहीत, आणि हार म्हणजे हात मोडणे, डोके फुटणे किंवा क्वचित मृत्यू. आजच्या वस्तादांच्या प्रतिष्ठेचा मोठा भाग गुरूने किंवा आजेगुरूने जिंकलेल्या अशा द्वंद्वांवर उभा आहे.

त्याच महिन्यात घडलेली दुसरी घटना या विषयाच्या ग्रंथांत उल्लेखिलेली सापडत नाही. 1 जानेवारी 1932 पासून फिलिपाईन्सची नवी दंडसंहिता अमलात आली. तिच्या अकराव्या कलमाने आत्मसंरक्षणाच्या तीन अटी घातल्या : समोरच्याचे बेकायदेशीर आक्रमण, त्यास रोखण्यासाठी वापरलेल्या साधनाची वाजवी आवश्यकता, आणि स्वतःकडून पुरेशी चिथावणी नसणे. तिच्याच 260 व 261 या कलमांनी द्वंद्वयुद्ध आणि त्याचे आव्हान हे दोन्ही गुन्हे ठरविले. ठरवून केलेल्या लढतीत बेकायदेशीर आक्रमण संभवत नाही, ही भूमिका तेथील सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. म्हणजे ज्या द्वंद्वांच्या आधारे ही कला आत्मसंरक्षणास उपयुक्त ठरविली जाते, ती द्वंद्वे कायद्याच्या दृष्टीने आत्मसंरक्षणाच्या नेमकी बाहेर पडतात. हा भेद केवळ कायद्याचा नाही. द्वंद्वात दोघेही सावध, दोघांची शस्त्रे हातात, अंतर मोकळे, जमीन निवडलेली आणि क्षण ठरलेला असतो. रस्त्यावरील हल्ल्यात यांपैकी एकही गोष्ट बळी पडणाऱ्याच्या हाती नसते. सेबूच्या एका विख्यात वस्तादाविषयी अशी कथा सांगतात की, अंगावर आलेल्याला ठार केल्याबद्दल त्याला तुरुंगवास घडला, आणि त्याचे नैपुण्यच न्यायालयात त्याच्याविरुद्ध गेले. तपशील खरे असोत वा नसोत, शिष्यपरंपरेने ही कथा जपली यावरून साधनाच्या 'वाजवी आवश्यकते'ची अट त्या वर्तुळास किती जाचली असेल याची कल्पना येते.

द्वंद्वांतून तंत्र वाढले नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वेनान्सियो बाकोन यांनी दोसे पारेसपासून अलग होऊन 1952 मध्ये ज्या रस्त्यावर सराव चाले त्याच्याच नावाने 'बालिंतावाक' हा संप्रदाय काढला. एकच काठी, अगदी जवळचा पल्ला, आणि मोकळ्या हाताने प्रतिपक्षाचा शस्त्राचा हात दाबणे वा वळविणे हे त्याचे वैशिष्ट्य. मोकळ्या हाताला 'जिवंत हात' म्हणून दिलेले हे महत्त्व या विद्येची खरी कमाई आहे. प्रत्यक्ष झटापट बहुधा हात पोहोचेल इतक्याच अंतरावर होते.

सर्वांत मौल्यवान साक्ष युद्धातली आहे. लिओ हिरोन हे पांगासिनान प्रांतात 1911 मध्ये जन्मले, तरुणपणी कॅलिफोर्नियात शेतमजुरीसाठी गेले, आणि अमेरिकन सैन्यातून 1944 मध्ये पाणबुडीने गुप्तपणे लुझॉनवर उतरविले गेले. जपानी सैन्याच्या पिछाडीस टेहळणी करताना त्यांना जंगलात बोलोने लढण्याचे प्रसंग आले. पुढे त्यांनी शिकविलेल्या पद्धतीत वीस शैली होत्या, परंतु लढाईच्या आठवणी सांगताना 'लार्गा मानो' या लांब पल्ल्याच्या शैलीलाच ते अग्रमान देत : अंतर राखावे, पुढे आलेला हात किंवा बाहू प्रथम कापावा, आणि बाजूला व्हावे. वीस शैलींच्या शिक्षकाने प्रसंगी उपयोगी पडलेली म्हणून इतकी थोडी सामग्री सांगावी, ही गोष्ट कोणत्याही प्रशस्तीपेक्षा अधिक बोलकी आहे. ही विद्या लोकांना शिकविण्याचा निर्णयही त्यांनी एका नागरी अत्याचारानंतर घेतला. 1966 मध्ये शिकागो येथे आठ तरुण परिचारिकांची हत्या झाली, त्यांत फिलिपिनो मुलीही होत्या. त्या वार्तेने व्यथित होऊन आपण 1968 मध्ये वर्ग काढला, असे त्यांनी सांगितले आहे.

याच सुमारास फिलिपाईन्समध्ये विद्येची दिशा बदलत होती. नेग्रोस बेटावरील रेमी प्रेसास यांनी 'मॉडर्न आर्निस' या नावाने शाळा-महाविद्यालयांतील व्यायामशिक्षणात तिला प्रवेश मिळवून दिला. जुन्या सरावात काठी प्रतिपक्षाच्या हातावर बसे व बोटे फुटत. प्रेसास यांनी काठीवर काठी मारण्याचा पाठ प्रचलित केला. विद्यार्थी टिकू लागले, कला वाचली. तिचे मूळ लक्ष्य असलेला हात मात्र सरावातून बराच मागे पडला. पुढे 1979 मध्ये सेबूत राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा झाली, तीत अंगावर संरक्षक साज आला. जाड शिरस्त्राण व छातीवर गादी घातलेले खेळाडू एकमेकांचे वार अंगावर घेत समोरासमोर उभे राहून मारा करतात, ही टीका खुद्द वस्तादांकडूनच वारंवार झाली आहे. ज्या वारांपैकी एकही सुऱ्याचा असता तर खेळ संपला असता, असे अनेक वार तेथे गुणफलकावर निर्विकारपणे चढतात.

ऐतिहासिक पुराव्याने खरोखर तोलून धरलेला भाग यावरून वेगळा काढता येतो. पल्ला ओळखणे, तिरक्या पावलाने वाराच्या रेषेतून हटणे, धडाऐवजी शस्त्र धरणाऱ्या हातावर प्रहार करणे, आणि छत्री, काठी अथवा गुंडाळलेले मासिक यांना त्याच कोनांतून वापरणे, इतके पिगाफेत्ताच्या किनाऱ्यापासून हिरोनच्या जंगलापर्यंत कोठल्या ना कोठल्या रूपाने आढळते. काठीच्या अभ्यासाने हाताला लागलेले वळण सुऱ्याला आणि रिकाम्या हातालाही चालते, हा वस्तादांचा सिद्धांत इतक्या मर्यादेत ग्राह्य आहे. हल्लेखोराच्या हातातील सुरा डौलाने हिसकावून घेण्याचे जे पाठ प्रात्यक्षिकांत टाळ्या मिळवितात, त्यांना मात्र यांपैकी कोणत्याही प्रसंगाचा आधार मिळत नाही. सुरा हिसकावल्याच्या कथा द्वंद्वांच्या आख्यायिकांतच भेटतात, व तेथेही समोरचा एकच वार करून थांबलेला असतो.

साधनाचा प्रश्न तर कायद्यानेच निकालात काढला आहे. लष्करी कायद्याच्या काळात 1972 मध्ये धारदार व टोकदार शस्त्रे घराबाहेर बाळगण्यावर कडक निर्बंध आले. 1978 च्या सहाव्या बातास पाम्बान्साने शिक्षा सौम्य केली, परंतु उपजीविकेचे आवश्यक अवजार म्हणून किंवा कायदेशीर कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पात्यालाच सूट ठेवली. त्यामुळे शेतावर चाललेल्या शेतकऱ्याच्या कमरेचा बोलो निर्दोष ठरतो, आणि तोच बोलो घेऊन शहरात आत्मसंरक्षणासाठी फिरणारा आर्निसचा विद्यार्थी आरोपी होतो.