पंचवीस अक्षरांची किल्ली

२००७ सालच्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत गेलो, तेव्हा संगणक-कक्षातले दहाही संगणक जुन्या चादरींखाली झाकलेले दिसले. सगळे एकाच नामांकित कंपनीचे. विषाणूंमुळे विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली बिघडली होती. गणिताच्या सरांनी बाजारातून सीडी आणून ती पुन्हा बसवली. पण तीस दिवस झाले आणि यंत्रांनी दार लावून घेतले. पेटीवरच्या स्टिकरची अक्षरेही फडक्याने पुसली गेली होती. "सर, आम्ही पैसे मोजून घेतलेली वस्तू आमचीच आहे, हे तिला पटवायचं कसं?" त्यांनी विचारले.

या प्रश्नाची मुळे बरीच मागे जातात. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उघड पत्र लिहून, आपली बेसिक भाषा फुकट नकलून घेतली जाते अशी तक्रार केली होती. पुढे १९८१ मध्ये आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याची कार्यप्रणाली इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. आय.बी.एम.शी जुळणारी यंत्रे इतर कंपन्या बनवू लागल्यावर एकच कार्यप्रणाली सर्वांवर चालू लागली. सोय झाली, आणि नक्कलही सोपी झाली.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या एक्सपीने यावर कुलूप आणले. यंत्राचा प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांवरून एक आकडा तयार होई. तो आणि पंचवीस अक्षरांची किल्ली यांची नोंद तीस दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोनवरून करावी लागे. पण लाखो यंत्रे विकणाऱ्या मोठ्या उत्पादकांच्या गिऱ्हाइकांना हा त्रास कसा द्यायचा? म्हणून तोड काढली गेली. यंत्राच्या बायॉसमध्ये, म्हणजे वीज सुरू होताच प्रथम चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उत्पादकाची खूण ठेवायची. त्याच उत्पादकाची सीडी ती खूण वाचते आणि काही विचारत नाही. कारखान्यात सगळ्या यंत्रांना एकच किल्ली लावलेली असे. स्टिकरवरची किल्ली वेगळी, अडीअडचणीसाठी. बाजारातल्या सीडीला या खुणेची ओळखच नव्हती. त्यातच २००५ पासून मोठ्या उत्पादकांच्या स्टिकरवरच्या किल्ल्यांची नोंद इंटरनेटवरून होणे बंद झाले. उरला फक्त फोन.

नकला करणाऱ्यांनी अर्थातच बायॉसमधली खूणही नकलली. २००७ च्या व्हिस्टामध्ये तिला डिजिटल सहीचे प्रमाणपत्र जोडले, तेही नकलले गेले. शेवटी २०१२ मध्ये विंडोज ८ पासून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली मिळाली, तीही मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. तेव्हापासून स्टिकरवर अक्षरे छापायची गरज उरली नाही. अशा यंत्रावर मूळचीच आवृत्ती (होम असेल तर होम) पुन्हा बसवली, की किल्ली आपोआप वाचली जाते. शाळेतली कित्येक यंत्रे 'लायसन हरवले' म्हणून अडगळीत जातात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचे लायसन पेटीतच असते.

किल्लीच्या अक्षरांची एक गंमत विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. एक्सपीच्या किल्लीत सतरा रोमन अक्षरे आणि सात अंक, अशी चोवीसच चिन्हे येतात. स्वर नाहीत; शून्य, एक आणि पाच हे अंकही नाहीत. त्यामुळे पुसट स्टिकरवर 'ओ' किंवा शून्य वाटले, तर ते 'क्यू' किंवा 'डी' असण्याचाच संभव अधिक. मात्र 'बी' आणि आठ, 'जी' आणि सहा या जोड्या दोन्ही बाजूंनी हजर असतात, आणि तिथे भिंगच लागते.

त्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात उत्पादकाची मूळ सीडी निघाली, वेष्टनसुद्धा न फोडलेली! तिने आठ संगणक त्याच दुपारी सुरू झाले. उरलेल्या दोहोंचे मदरबोर्ड दुरुस्तीत बदलले होते, त्यांत ती खूण नव्हती. एकाचा स्टिकर आम्ही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली वाचला आणि सरांनी फोनवर एकेक आकडा सांगितला. दुसऱ्याचा स्टिकर मात्र अखेरपर्यंत वाचता आला नाही.