आत्मपरीक्षणवाचक शब्द (मराठी)

स्वतःच्या विचारांकडे, हेतूंकडे व वागण्याकडे वळून पाहण्यासाठी मराठीत रूढ असलेले शब्द व वाक्प्रचार. त्यांचे दोन थर ठळक दिसतात : संस्कृत घडणीची नामे (आत्मपरीक्षण, आत्मचिंतन, आत्मशोध, अंतर्निरीक्षण) आणि ‘मन’ या शब्दाभोवती जमलेले वाक्प्रचार (मन खाणे, मनाला विचारणे, मनाला टोचणी लागणे).

व्याकरण : पहिल्या थरातील बहुतेक नामे ‘करणे’ हे क्रियापद घेतात. करणारा माणूस कर्ता असतो, म्हणून आज्ञार्थ सहज होतो; आणि तो बहुधा दुसऱ्यालाच उद्देशून असतो. ‘आत्मपरीक्षण करा’ हा सल्ला अग्रलेखांतून सतत दिला जातो, स्वतःला क्वचितच. या नामांना समूहही कर्ता चालतो : निवडणूक हरलेला पक्ष आत्मचिंतन करतो, सामने हरलेला संघही करतो. काँग्रेसची जयपूर (२०१३) व उदयपूर (२०२२) येथील चिंतन शिबिरे याच प्रयोगाची सार्वजनिक रूपे होत.

‘मन खाणे’ याची रचना उलटी आहे. ‘माझं मन मला खातं’ या वाक्यात मन कर्ता व माणूस कर्म. याला आज्ञार्थ नाही. कोणी कोणाला मन खायला सांगू शकत नाही. पक्षाचे किंवा मंडळाचे मन त्याला खाते, असेही म्हणण्याची रीत नाही. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा भेद अर्थभेदापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण सोसणे आणि करणे यांतली सीमा येथे क्रियापदच आखते. ‘मनाला विचारणे’ मधोमध येते : आज्ञार्थ होतो (‘तुझ्या मनाला विचार’), पण उत्तर देण्याचे काम मनाकडेच राहते. ‘मनाची नाही तर जनाची तरी लाज बाळग’ या बोलण्यात मन हे लाज वाटण्याचे पहिले ठिकाण आणि लोक दुसरे, अशी उतरंड गृहीत आहे.

‘अंतर्मुख’ हे विशेषण वेदान्त व योग यांच्या परिभाषेतून आले. मानसशास्त्रज्ञ युंगच्या व्यक्तिप्रकारांमुळे (१९२१) त्याला स्वभाववाचक अर्थ चिकटला, आणि आता कमी बोलणाऱ्या कोणालाही ते लावतात. ‘अंतर्मुख करणारे नाटक’ हा प्रयोग नाट्यपरीक्षणांनी झिजवला आहे.

संतवाङ्मय : रामदासांच्या (१६०८–८१) मनाच्या श्लोकांत २०५ श्लोक असून वृत्त भुजंगप्रयात आहे. ‘मना’ हे संबोधन त्यांत वारंवार येते. भिक्षेला जाणाऱ्या रामदासींनी दारोदार म्हणण्यासाठी हे श्लोक रचले, अशी परंपरा सांगते. ती मानली तर हे मन एकाच वेळी म्हणणाऱ्याचे आणि उंबरठ्याआत ऐकणाऱ्या गृहस्थाचेही ठरते. तुकारामांच्या अभंगांत स्वतःचे दोष विठ्ठलापुढे मांडण्याची रीत आहे. तेथे मनाशी बोलणे आणि देवाशी बोलणे वेगळे काढणे कठीण जाते. परीक्षणाला साक्षीदार हवा, ही गरज दोन्हीकडे समान आहे.

धर्मपरंपरा : श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी उपनिषदांतील; पैकी ‘मनन’ मराठीत पाठांतराच्या शेजारी जाऊन बसले. जैनांचे ‘प्रतिक्रमण’ म्हणजे घडलेल्या दोषांची ठरल्या वेळी घेतलेली उजळणी : रोज सकाळी व संध्याकाळी, पंधरवड्याने, चार महिन्यांनी आणि वर्षाने. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रामुळे ‘विपश्यना’ हा शब्द मराठी घरांत पोचला; साधक मात्र तिला विचारांची तपासणी न म्हणता संवेदनांचे निरीक्षण म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत पापांच्या कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात.

मानसशास्त्र : ‘अंतर्निरीक्षण’ ही पारिभाषिक संज्ञा. व्हुंट (लायप्झिग प्रयोगशाळा, १८७९) व टिचनर यांनी ही पद्धत वापरली. वर्तनवादी वॉटसनने १९१३ मध्ये तिला विरोध केला. पाठ्यपुस्तकांबाहेर हा शब्द फारसा आढळत नाही.

म्हणी : दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानातही असेच रूपक आहे. दोहोंचा संबंध निश्चित सांगता येत नाही.

बोली : बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची ‘मन’ ही खानदेशी बोलीतील कविता प्रसिद्ध आहे.