जैवप्रादेशिक नियोजन म्हणजे काय? ऱ्हाइन नदीची गोष्ट

१ नोव्हेंबर १९८६. स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. नदी लाल झाली, ईल जातीचे मासे मोठ्या संख्येनं मेले. खालच्या देशांत नदीतून पिण्याचं पाणी उचलणं थांबवावं लागलं. आग एका देशात आणि पाण्याचे हाल दुसऱ्याच देशात!

जैवप्रदेश म्हणजे काय?

पाणी, माती, हवामान आणि जीवसृष्टी जिथे एकमेकांशी जोडलेली असते, असा भूभाग म्हणजे जैवप्रदेश. उदाहरणार्थ, नदीचं खोरं. देशांच्या सीमा बाजूला ठेवून अशा अख्ख्या भूभागाचा आणि तिथल्या लोकांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणं म्हणजे जैवप्रादेशिक नियोजन.

ऱ्हाइनला त्याची गरज का होती?

आल्प्सपासून उत्तर समुद्रापर्यंत ही नदी सुमारे १,२३० किलोमीटर वाहते. तिचं खोरं नऊ देशांत पसरलं आहे. सुमारे ३ कोटी लोकांचं पिण्याचं पाणी तिच्यावर अवलंबून आहे. १९५० मध्ये पाच देशांनी संयुक्त आयोग नेमला होता, तरीही पुढे तिला 'युरोपचं गटार' म्हटलं जाऊ लागलं.

आगीनंतर काय बदललं?

१९८७ मध्ये दोन ठोस उद्दिष्टं ठरली: घातक रसायनं १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायची आणि २००० पर्यंत सॅमन मासा नदीत परत आणायचा.

सॅमनच का? तो समुद्रातून उलट पोहत येऊन नदीच्या वरच्या भागात अंडी घालतो. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक देशात पाणी स्वच्छ आणि मार्ग मोकळा हवा. एकट्या देशाला हे जमणारच नाही.

सोबत इशारा यंत्रणाही पक्की झाली. वर प्रदूषण आढळलं की खालच्या केंद्रांना कळवलं जातं. दूषित पाणी कधी पोहोचेल याचा अंदाज संगणकावर काढला जातो, म्हणजे पाणीपुरवठा केंद्रं वेळेत सावध होतात.

खर्च कुणी करायचा?

खरी मेख इथेच असते. फ्रान्समधल्या पोटॅश खाणींचं मीठ नदीत जायचं आणि त्रास नेदरलँड्सला व्हायचा. १९७६ च्या करारात हे मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घेतला गेला: नेदरलँड्स ३४ टक्के, जर्मनी आणि फ्रान्स प्रत्येकी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के. म्हणजे सर्वात मोठा वाटा त्रास भोगणाऱ्यानंच उचलला! हे न्याय्य होतं का, यावर वाद होऊ शकतो.

आज काय स्थिती आहे?

ठरल्या मुदतीत सॅमन परतला. पण धरणांमुळे बासेलपर्यंतची वाट अजून पूर्ण मोकळी नाही. आता चिंता आहे ती सांडपाण्यातून येणाऱ्या औषधांच्या अंशांची. असे सूक्ष्म प्रदूषक २०४० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी घटवायचं २०२० मध्ये ठरलं आहे. आपण घेतलेल्या गोळीचा अंशही शेवटी खालच्या गावाच्या पाण्यात पोहोचतो.